बाटलीतले बुडबुडे

आमची लेक दिवस भरायच्या आधीच झाली. भोरच्या दवाखान्यात श्वासाला आधार म्हणून तिच्या नाकाला नळी लावली. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत होतं, तिथं सारखे बुडबुडे यायचे.

वेल्ह्याच्या डोंगरवाडीवरून आलेल्या माझ्या सासूबाईंनी ठरवूनच टाकलं, की हाच पोरीचा श्वास. जन्मभर करडांचं पोट हलतंय का ते बघणारी बाई, नातीच्या पोटाकडे बघेल तर शपथ! काचेबाहेर बसून नजर बाटलीवर.

एका सकाळी बुडबुडे थांबले. सासूबाईंनी हंबरडा फोडला. मी धावले. आत सिस्टर नळी गुंडाळत होती. लेक आपली आपण श्वास घेत होती आणि आजीच्या आवाजाने दचकून रडत होती.

सासूबाई सिस्टरवर खेकसल्या, "बुडबुडं बंद केलं, म्हनून रडतीया ती!"