लीनाच्या नावापुढचा नंबर

खिदिरपूरच्या गोदीजवळ जहाजी मालाची कागदपत्रं करणारी एक जुनी कंपनी आहे. तिथे गुरुदत्त पाटणकरांना एकतीस वर्षं झाली. आजोबांपासून कोलकात्यात, गृहस्थ बाहेर बंगालीत भांडतात आणि घरी मराठीत कुरकुरतात. नोंदवहीवर मात्र त्यांची भारी श्रद्धा. वहीत आलं की ते खरं, मग समोरचा कितीही घसा कोरडा करो.

दोन वर्षांपूर्वी साहेबांनी प्रत्येक कॉम्प्युटरचा नेटवर्कचा पत्ता लिहून ठेवायला सांगितलं. पत्ता म्हणजे कारखान्यातच दिलेला बारा अक्षर-आकड्यांचा नंबर. कुठल्या यंत्रावरून काय गेलं, ते त्यावरून शोधता येतं. गुरुदत्तांनी टेबलाटेबलापाशी जाऊन, स्क्रीनवरच्या काळ्या चौकटीत एक शब्द टाइप करून, दिसला तो नंबर सुवाच्य अक्षरात उतरवला. शेजारी माणसाचं नाव घातलं आणि स्वतःवर खूश झाले.

यंदा एका गिऱ्हाइकाचे गोपनीय कागद बाहेर फुटले. ज्या यंत्रावरून गेले त्याचा नंबर सापडला, आणि वहीत त्यापुढे नाव होतं लीना खानोलकर. बेहाल्याच्या माधवरावांची मुलगी. गुरुदत्तांनीच शब्द टाकून तिला नोकरीला लावलं होतं. चौकशीत नंबर वाचून दाखवायची पाळीही त्यांच्यावरच आली.

"काका, मी नाही केलं. खरंच नाही," ती म्हणाली.

गुरुदत्तांनी वहीवर बोट ठेवलं. त्याच दुपारी तिला काढून टाकलं.

तीन आठवड्यांनी ऑफिसचं वायफाय बंद पडलं. गुरुदत्तांचा लॅपटॉप नवा, चपटा. केबल लावायला त्यात जागाच नाही, एरवी ते वायफायवरच भागवत. लीनाचा लॅपटॉपही तसाच, पण ती रोज केबल लावायची. अशांसाठी बिस्किटांच्या डब्यात चार अडॅप्टर ठेवलेले असतात. त्यांचं एक टोक लॅपटॉपला लावायचं, दुसऱ्यात केबल. सकाळी ज्याच्या हाताला जो लागेल तो त्याचा. गुरुदत्तांनी एक उचलून लावला. तरी चालेना, म्हणून नेटवर्क सांभाळणाऱ्या सुमितला फोन केला. त्याने नंबर विचारला. वाचता वाचता गुरुदत्तांची जीभ अडखळली. हा नंबर त्यांना तोंडपाठ होता. लीनाचा होता.

त्यांनी अडॅप्टर काढला. नंबरची ओळ गेली. लावला, ओळ परत आली. तीन वेळा करून पाहिलं.

म्हणजे नंबर लॅपटॉपचा नव्हताच, त्या बोटभर वस्तूचा होता. वही लिहिली तेव्हा ती लीनाच्या लॅपटॉपला लावलेली होती; कागद फुटले त्या दिवशी कोणाच्या हाती होती, देव जाणे. डब्यातून उचलायची रीत गुरुदत्तांना रोज डोळ्यांपुढे दिसत होती. त्यांनी ती कधी मनावर घेतली नाही. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की दुपारचा जेवणाचा डबा खाववेना.

"छोड़िए पाटणकरबाबू, वो मामला ख़त्म हो गया," साहेब म्हणाले. गुरुदत्तांनी ऐकलं नाही. आपली चूक आपल्या सहीनिशी लिहून दिली, पोच घेतली आणि तडक बेहाल्याची बस धरली.

दार लीनानेच उघडलं. चपला न काढताच त्यांनी सगळं सांगून टाकलं. अडॅप्टर, डबा, वही. हात जोडले. ती रडली नाही, चिडलीही नाही, आणि तेच त्यांना सोसवेना.

"साहेब तुला परत घेतील. मी मागे लागेन त्यांच्या," ते म्हणाले.

"ते नंतर बघू, काका." तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. "आधी बाबांना सांगा. ते तीन आठवडे माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, गुरुदत्तने लिहिलंय म्हणजे तूच केलं असशील."

आतून माधवरावांचा आवाज आला, "कोण आलंय गं, मालती?"

ते बायकोला विचारत होते.