आरशातला फुगा

तुम्ही विषय काढलात म्हणून सांगते, नाहीतर आमच्या सोसायटीत मी हे कुणाला कळू दिलेलं नाही. चुका काय, सगळ्यांच्याच होतात. पण माझी ही चूक मी डॉक्टरसमोर केली, पोलिसासमोर केली आणि बाकावर बसलेल्या वीस-पंचवीस परक्या माणसांसमोर केली. तीही छाती पुढे काढून!

आधी मी कोण होते ते ऐका. आज या गुडघ्यांकडे आणि चष्म्याकडे बघून कुणाला खरं वाटत नाही, पण एके काळी पोस्टरवर माझं नाव यायचं. 'मिस मंदा, अचूक निशाणा'. लग्न झालेलं होतं, तरी मिस! पोस्टरवाल्याशी कोण भांडणार?

कॉलेजात एनसीसीत रायफल हातात आली आणि वेडच लागलं. लग्न होऊन दिल्लीला आले. हे केंद्र सरकारच्या एका ऑफिसात क्लार्क. स्वभावाने इतके गरीब, की भाजीवाल्याला कोथिंबीरसुद्धा फुकट मागायचे नाहीत. मी भीत भीत यांना म्हटलं, "मला नेमबाजीचे शो करायचेत." हे म्हणाले, "कर की. तुला नेम धरता येतो, मला न हलता उभं राहता येतं. सरकारी नोकरीत तेवढं शिकवतातच."

झालं! एअरगन आली. यांची सगळी कॅज्युअल लीव्ह माझ्या शोंवर खर्च. गाझियाबाद, मेरठ, हापूड, जिथे नुमाइश, म्हणजे तिकडची जत्रा-प्रदर्शन, भरेल तिथे आम्ही. फॅक्टऱ्यांचे वार्षिक समारंभ, शाळांची गॅदरिंग. यांच्या तोंडातला खडू मी उडवायची. मेणबत्तीची ज्योत विझवायची. आणि शेवटी आमचा खास आयटम, आरशातला फुगा. मी यांच्याकडे पाठ करून उभी. एका हातात आरसा, दुसऱ्या हातात खांद्यावर उलटी टाकलेली बंदूक. मागे काळा कोट घालून हे, खांद्यापाशी लाल फुगा धरून. सगळा तंबू गप्प. फट्! फुगा गायब!

बावीस वर्षं मी हा आयटम केला. एकदाही चुकले नाही. निदान माझी तशी समजूत होती. पण थांबा, तिकडे येतेच.

मग घराघरांत केबल आली. नुमाइशीत लोक चाट खायला यायचे आणि आमच्या तंबूवरून पुढे जायचे. शेवटचा शो नोएडाच्या एका मॉलमध्ये, सरकत्या जिन्याशेजारी. मी आरसा डोळ्यांसमोर धरलाय, श्वास रोखलाय, आणि एक माणूस विचारतो, "आंटी, वॉशरूम किधर है?" तरीही फुगा फुटला हो! टाळी एकच वाजली, ती फरशी पुसणाऱ्या बाईची. घरी येऊन मी बंदूक माळ्यावर टाकली. कोट मात्र यांनी स्वतः घडी करून ठेवला.

त्यानंतर आमच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही झालं नाही. हे रिटायर झाले. आम्ही गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये दोघंच. दूध, पेपर, बीपीची गोळी.

तर परवाच्या जानेवारीतली गोष्ट. सकाळचे आठ वाजले असतील, बाहेर समोरची बिल्डिंग दिसत नव्हती एवढं धुकं. हे आंघोळीला निघाले आणि पॅसेजमध्ये उजवीकडे कलले. तोंड वाकडं. बोलायला जातायत, पण शब्दच फुटत नाहीयेत. शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि आम्हाला हॉस्पिटलात पोचवलं. मुलगी शिल्पा नोएडाला राहते. ती लगेच निघाली, पण धुक्यात अडकली. मी एकटी. पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

नर्स फॉर्म घेऊन आली. खाली मान घालून विचारते, "कौन सी गोली चलती है?"

आता तुम्हीच सांगा, माझं डोकं ठिकाणावर होतं का? बावीस वर्षं लोकांनी मला हाच प्रश्न विचारलेला, बंदुकीबद्दल. मी छर्र्याचं माप सांगितलं, "पॉइंट वन सेवन सेवन."

"कब से चल रही है?"

"बाईस साल चली. अब बंद है."

"बंद किसने की?"

"किसी ने नहीं. लोगों ने देखना छोड़ दिया."

तिने मान वर करून माझ्याकडे असं बघितलं, की पेशंट नक्की कोण हे तिला कळेना! मग माझ्या लक्षात आलं. जीभ चावली आणि बीपीच्या गोळीचं नाव सांगितलं. इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं.

यांचं सीटी झालं, छातीचा एक्सरे झाला. तरुण डॉक्टर एक्सरे उजेडात धरून आला. "माताजी, एमआरआय करना है. पर इनके कंधे में छर्रा है. कौन सी धातु का है, कैसे लगा, ये पता चले बिना मशीन में नहीं डाल सकते."

मी बघितलं. डाव्या खांद्याच्या मांसात वाटाण्याहून लहान एक पांढरा ठिपका.

दुसरी कुणी बाई असती तर म्हणाली असती, हो डॉक्टर, आम्ही एअरगनचे शो करायचो, तिचा शिशाचा छर्रा असेल. एका वाक्यात काम झालं असतं. पण मी? मी म्हटलं, "ये किसी और का एक्सरे है."

"माताजी, नाम लिखा है."

"तो नाम ग़लत लिखा है. दोबारा निकालो!"

दुसऱ्यांदा एक्सरे काढला. ठिपका होता तिथेच. मी तरी हटेना. मग हॉस्पिटलच्या चौकीतला हवालदार आला. भला माणूस, मफलर गुंडाळलेला. बाकावर माझ्याशेजारी बसून त्याने वही उघडली.

"गोली किसने मारी, माताजी?"

"पता नहीं. मैंने नहीं मारी."

"आपने कभी इन पर चलाई है?"

"हज़ारों बार."

त्याचं पेन थांबलं. बाकावरचे लोक आमच्याकडे सरकले.

"कोई गवाह?"

"हर बार तीन-चार सौ लोग. तालियाँ बजाते थे."

"माताजी, फिर छर्रा आपका ही होगा न?"

आणि मी उभी राहिले हो! पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मेरा हो ही नहीं सकता! मैं जहाँ मारती हूँ, वहीं लगती है!"

हवालदाराने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

तेवढ्यात शिल्पा धापा टाकत पोचली. डॉक्टरकडून सगळं ऐकून घेतलं आणि मला कोपऱ्यात नेलं. "आई, यार, तू फक्त एवढं सांग ना, की एअरगनचा असू शकतो."

"नाही असू शकत."

"बाबा तिथे पडलेत आणि तू रेकॉर्ड सांभाळतेयस?"

ते वाक्य असं लागलं, की काय सांगू. मी दारातून आत बघितलं. हे स्ट्रेचरवर न हलता पडले होते. शोमध्ये उभे राहायचे तसेच.

मी फॉर्म मागितला. शिल्पाने मजकूर सांगितला, मी लिहिलं. 'छर्रा शिशाचा, पत्नीच्या एअरगनचा.' खाली सही केली. हवालदाराने वही मिटली, म्हणाला, "हो जाता है, माताजी." एमआरआय झाला. पण तोवर माझ्या हट्टापायी दीड तास गेला होता. त्या दीड तासाने किती नुकसान झालं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. यांचा उजवा हात आजही उचलत नाही. रोज सकाळी यांच्या शर्टाची बटणं लावताना तो दीड तास माझ्या मानगुटीवर बसलेला असतो.

तिसऱ्या दिवशी यांना थोडं बोलता यायला लागलं. तोंडात लाडू धरून बोलावं तसं. शिल्पा उशाशी बसली होती. मी विचारलं, "अहो, खांद्याला कधी लागलं?"

"मेरठला," हे म्हणाले. "शिल्पाच्या वेळी तुला सातवा होता तेव्हा."

"पण त्या दिवशी तर फुगा फुटला होता! मी आरशात बघितलाय!"

"मी फोडला. टाचणीने."

"टाचणी? कुठली टाचणी?"

"ऑफिसातली. फायलींना लावतो ती."

"आणि मला सांगितलं का नाहीत?"

"तू बंदूक सोडली असतीस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रक्त आलं असेल, काळ्या कोटात दिसलं नसेल. यांनी हूं की चूं केलं नाही, उलट वाकून लोकांना नमस्कार केला. अशा माणसाला काय म्हणायचं? मी यांचा डावा हात हातात घेतला. आणि तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, पण छर्रा लागल्या लागल्या तुमच्या हातात टाचणी आली कुठून?"

हे छताकडे बघायला लागले.

"बाहीत असायची."

"असायची म्हणजे?"

"असायचीच."

"खडू? मेणबत्ती?"

"ते तुझंच. खरं होतं ते."

"आणि फुगा? एकदा मेरठला. आणखी किती वेळा?"

यांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि अंगठ्याने एकेक बोट मोजायला सुरुवात केली. करंगळी झाली, अनामिका झाली, मधलं झालं, तर्जनी झाली. जरा थांबले, आठवलं, आणि पुन्हा करंगळीपासून सुरू केलं.

तिसऱ्यांदा करंगळीवर आले तेव्हा मीच यांचा हात धरून पांघरुणात घातला. म्हटलं, "राहू द्या. डॉक्टरांनी तुम्हाला दमायचं नाही म्हणून सांगितलंय."