लेक येईपर्यंत

“घशात काहीच नाही,” नांदेडचे डॉक्टर म्हणाले, आणि मी चक्क नाराज झाले.

कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. नाकातून बारीक नळी घालून त्यांनी माझा घसा आतून बघितला होता. या तपासणीला लॅरिंगोस्कोपी म्हणतात. दुखत नाही, फक्त डोळ्यांतून पाणी येत राहतं आणि तिथली सिस्टर आपल्याला लहान लेकरासारखं समजावते. त्याआधी थायरॉईडची रक्ततपासणी झाली, गळ्याची सोनोग्राफी झाली. बेरियम स्वॅलोही झालं. म्हणजे खडू कालवल्यासारखं पांढरं औषध प्यायला लावतात आणि ते घशातून खाली उतरताना एक्स-रे काढतात. जन्मभर खडू हातात धरला, तो प्यायचा तेवढा राहिला होता. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले.

“मग हा गोळा कशाचा?” मी विचारलं.

“याला ग्लोबस म्हणतात. गोळा असल्यासारखं वाटतं, पण गोळा नसतो. घशाचे स्नायू आवळून धरलेले असतात. तकलीफ खरी आहे ताई, तुम्ही नाटक करत नाही.” फाईल मिटता मिटता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “घरात कुणाशी बोलणं बंद आहे का?”

मी नाही म्हणाले. खोटं बोलणारं लेकरू मी वर्गात शेवटच्या बाकावरूनही ओळखते. डॉक्टरांनीही ओळखलं असावं, कारण ते म्हणाले, “समुपदेशकाशी बोला. आता मोबाईलवरही होतं.”

ज्यांच्या घशात असा नसलेला गोळा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आधी घसा नीट तपासून घ्या, हे पहिलं सांगते. सगळंच मनाचं नसतं. पण सगळं तपासूनही गोळा राहिला तर पुढचं वाचा.

मी सेनगाव तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी पुण्यात नोकरी करते, तिला तिचा व्याप आहे. मी शाळेजवळ एका खोलीत भाड्याने राहते. एकटं राहायची सवय होते म्हणतात. मला संध्याकाळी चहा एकाच कपाचा टाकायची सवय झाली, एकटेपणाची झाली नाही. आजारपणात तर ते फारच जाणवतं. दवाखान्याच्या प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न एकच असायचा, “सोबत कोण आहे?” सोनोग्राफीच्या वेळी मी शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईकडे माझी पर्स सांभाळायला दिली. तांड्यावरून सुनेला घेऊन आलेली बाई होती ती. मी बाहेर आले तर पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती. “न्हाई ना निघालं काई?” तिने विचारलं. त्या दिवशी माझी चौकशी करणारी ती एकटीच. बसमध्ये बसल्यावर मला रडू आलं.

गोळ्याची गंमत अशी, की भाकरी सरळ खाली जायची. अडायचं ते पाणी. तांब्या तोंडाला लावला की घसा आवळायचा. पाणी घोट घोट, औषधासारखं प्यावं लागायचं. पौर्णिमेला विहारात बायकांची वंदना मी म्हणवून घेते. तिथेही शेवटी सगळ्या प्राणिमात्रांचं मंगल होवो, असं म्हणायची वेळ आली की आवाज अडकायचा. बायकांना वाटायचं, ताईंचा घसा बसला. मला ठाऊक होतं. प्राणिमात्रांत माझा दादाही येत होता.

आता दादाचं सांगते. हट्ट्याच्या बाजूला आमचं गाव आहे. वडील लवकर गेले. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा, त्याने आणि मायने मला शिकवलं. माय गेली ती काही वर्षांमागच्या वैशाखात. दादाचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या कामासाठी सेनगावात होते. “माय गेली,” तो म्हणाला. मी म्हणाले, “थांबा, मी येऊन राहिले.” तो “ये” म्हणाला. सेनगावहून हिंगोली, तिथून वसमतकडची गाडी, पुढे जीप. हिंगोलीला गाडी लवकर लागली नाही. वाटेत मी परत फोन केला, तो कुणी उचलला नाही.

आमच्याकडे लेक येईपर्यंत माती उचलत नाहीत. लेकीने मायच्या तोंडात पाणी घालायचं, मग बाकीच्यांनी. लेक लांब असली तर लोक ताटकळत बसतात, कुरकुर करतात, पण बसतात. मी जीपमधून उतरले तेव्हा समोरून लोक शेताकडून परत येत होते. त्यांच्या पायांना ओली माती होती. मायला शेताच्या कोपऱ्यात, बांधालगत पुरलं होतं.

दादा म्हणाला, “ऊन लई होतं. लोकं थांबत नव्हते.”

एवढंच. वहिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तो घेतला नाही, आल्या पावली परत फिरले. त्यानंतर त्या घरी गेले नाही. दादा दरवर्षी शेतातल्या हळदीची पिशवी जीपवाल्याबरोबर पाठवतो. मी त्या पिशव्या माळ्यावर टाकते आणि दुकानातली हळद आणते. दुकानातल्या हळदीला वास नसतो, पण माझा हट्टही कमी नाही.

ज्याला सांगितलं त्याने एकच उपदेश केला, जाऊ दे. विहारातल्या बायका म्हणाल्या, करुणा ठेवा. मुलगी म्हणाली, आई, मामा म्हातारा झालाय. मलाही माफ करायचंच होतं हो. शिकलेली बाई, दुसऱ्यांना मैत्रीभावना शिकवते आणि स्वतःच्या भावाचं नाव निघालं की पाणी गिळता येत नाही, याची मला लाज वाटत होती.

डॉक्टरांचा सल्ला डोक्यात ठेवून मी मोबाईलवर शोधलं, “माफ कसे करावे”. आधी गुलाबाच्या फुलांवर लिहिलेले सुविचार आले. मग डोळे मिटून बोलणारे एक बाबा आले. बऱ्याच शोधाशोधीनंतर एक थेरपिस्ट मिळाले. थेरपिस्ट म्हणजे बोलण्यातून उपचार करणारा माणूस. हे गृहस्थ हिंदीत बोलायचे आणि मध्येच इंग्रजीत निघून जायचे. त्यांनी गृहपाठ दिला, रोज आरशासमोर म्हणायचं, मैंने तुम्हें माफ किया. मी आज्ञाधारक विद्यार्थिनी. दात घासून झाल्यावर म्हणायचे. आठवड्याभरात आवंढाही गिळता येईना. ते म्हणाले, आप रेझिस्ट कर रही हैं. मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्यांदा मात्र मी शहाणी झाले होते. आधी विचारून घेतलं, शिक्षण काय, मराठी येतं का, माझं बोलणं आणखी कुणाला कळणार आहे का. ही थेरपिस्ट अकोल्याची पोरगी होती, माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी. तिने न चिडता सगळी उत्तरं दिली. मग तिने मला विचारलं, घसा दाखवला का, झोप लागते का, जीव नकोसा होतो का. शेवटच्या प्रश्नाला मी जरा वेळ लावला. तसा विचार मनात आला तर काय करायचं, कुणाला फोन करायचा, हे तिने त्याच दिवशी माझ्याकडून ठरवून घेतलं. मी तिला मॅडम म्हणायचे. नावाने हाक मारा म्हणाली, ते काही मला जमलं नाही.

खोलीत बोलायची सोय नव्हती. घरमालकीण आणि माझ्यामध्ये एका पत्र्याचाच आडोसा. म्हणून शाळा सुटल्यावर चौथीच्या वर्गात खिडकीपाशी बसायचे. गावात रेंज तिथेच मिळते. समोर छोटे बाक, फळ्यावर गुणाकार, आणि टेबलावर डब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल. घरमालकिणीने हटकलंच, “बाई, शाळा सुटल्यावर कोनाची शिकवनी घेऊन राहिल्या?” मी म्हणाले, “अकोल्याच्या एका पोरीची.” उलट होतं, पण तिला काय सांगायचं.

पहिल्या बैठकीत मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “मला त्याला माफ करायचंय, कसं करू ते सांगा.”

ती म्हणाली, “माफ करायची घाई कोणाला आहे, ताई? तुम्हाला का आजूबाजूच्यांना?”

मग तीच म्हणाली, “त्यांचं चुकलं. त्यांनी थांबायला पाहिजे होतं.”

हे वाक्य तोपर्यंत मला कुणीही म्हणालं नव्हतं. सगळे थेट माफीवर जायचे, चूक झाली हे कुणी उच्चारायचंच नाही. मी त्या वर्गात तोंडाला पदर लावून रडले. पलीकडे ती पोरगी नुसती बसून राहिली. मधेच रेंज गेली, चित्र थिजलं, तरी मी रडत होते. रेंज आली तेव्हा ती तिथेच होती.

सगळ्या बैठका अशा झाल्या नाहीत. कित्येकदा अर्धा वेळ “आवाज येतोय का” यातच जायचा. एकदा तिने समोर रिकामी खुर्ची ठेवायला सांगितली. तिच्यावर दादा बसलाय असं समजून बोलायचं. ही एक पद्धतच आहे म्हणे. मी खुर्ची ठेवली आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “नीट बस.” ती हसली, मीही हसले. कितीतरी दिवसांनी हसले होते. पण पुढे एक शब्द फुटला नाही. मोबाईल बंद केला, खुर्ची जागेवर ठेवली, कुलूप लावून खोलीवर आले. ती संध्याकाळ फार वाईट गेली. बोलून झाल्यावर जी शांतता उरते, तिच्यात पुन्हा आपण एकटेच असतो, हेही तुम्हाला सांगून ठेवते.

नंतर एकदा तिने विचारलं, “त्या दिवशी तुम्हाला काय करायचं होतं?”

“मायला पाणी पाजायचं होतं.”

“आता त्याला कोणाची परवानगी लागते काय?”

मी म्हणाले, शेत दादाचं आहे. आणि म्हणता म्हणता लक्षात आलं, की माय त्या शेतात आहे आणि तिच्यापाशी मी अजून एकदाही गेले नाही. दादावरच्या रागात मी मायलाच टाकून बसले होते. “घशाचा आणि या पाण्याचा संबंध आहे का?” मी विचारलं. ती म्हणाली, “असेल, नसेल. मी खात्रीनं नाही सांगू शकत.” हे तिचं मला फार आवडलं. सगळं कळलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

जायच्या आधी तिने तयारी करून घेतली. दादा काहीच बोलला नाही तर? तेच परत म्हणाला तर? मी म्हणाले, मी त्याच्यासाठी जातच नाही, मायसाठी चालले. ती म्हणाली, “तेवढ्यासाठीच जा.”

आजही गोळा पुरता गेलेला नाही. महिन्यातून कधीतरी येतो, येऊन जातो. पण मी पाणी पिते. डॉक्टरांनी मला नाटकी ठरवलं नाही आणि त्या पोरीने मला घाई केली नाही, या दोघांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्यामागे कुणी “जाऊ दे” म्हणून लागलं असेल तर त्यांना खुशाल सांगा, अजून जात नाही. ऐकून घेणारं माणूस शोधा. एक बरोबर नाही वाटलं तर दुसरं शोधा.

आता शेतावर गेले त्या दिवसाचं सांगते. मी गेले तेव्हा हळद काढून झाली होती. शेतातच कढईत हळद शिजत होती, वाफेचा तो ओला वास पार रस्त्यापर्यंत आला होता. दादा कढईपाशी होता. किती वाळला होता. गुडघ्यांना फडकी बांधलेली.

“आलीस व्हय,” तो म्हणाला.

“मायला पानी पाजायला आले.”

जाळाकडे बघत तो म्हणाला, “ऊन लई होतं त्या दिवशी.”

अगदी तेच वाक्य. तयारी केली होती तरी अंगाची आग झाली. “व्हय,” मी म्हणाले, “त्याच उनातून मी येऊन राहिले होते. थांबाया पाहिजे होतं, दादा.”

त्याने लाकूड आत सरकवलं. वहिनी लांब उभी होती, तिने मान खाली घातली. मी पिशवीतून तांब्या काढला, बोअरवर भरला आणि बांधाच्या कडेने निघाले.

मायच्या जागेवर गवत वाढलं होतं, उशाला दगड होता. मी चप्पल काढली, बसले. तांब्या उचलला. तेवढ्यात मागून हाक आली.

“थांब.”

वळून बघितलं. उकरलेल्या वावरातून, ढेकळांवरून दादा येत होता. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तांब्या. गुडघे वाकत नव्हते, तांब्यातलं पाणी हिंदकळून त्याच्या धोतरावर सांडत होतं. दोन पावलं चालायचा, उभा राहायचा.

“थांब माय,” तो परत मला म्हणाला, “मी बी येऊन राहिलो.”

ऊन चढलं होतं. अर्धं वावर अजून बाकी होतं आणि तांब्या माझ्या हातात होता. मला वाटलं, ओतावं आणि उठावं. त्यालाही कळू दे.

मी तांब्या खाली ठेवला आणि थांबले.