धुऱ्यावरचा फोटो

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी पोह्यांखाली जाते. न छापलेली मात्र जागची हलत नाही. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात बातमीदारी करताना अशा किती गोष्टी साठल्या, आणि त्यातल्या बहुतेक स्टेशन रोडवरच्या वसंताभाऊंच्या फोटो स्टुडिओत साठल्या. संपादकांना त्या कधीच नको होत्या. "इसमें न्यूज़ क्या है?" असं ते भोपाळहून विचारत. मी फोनवर जे उत्तर देत असे ते इथे छापता येणार नाही.

वसंताभाऊ फॅमिली फोटोग्राफर. लग्नं तेही करतात, पण त्यांचा जीव घरच्या माणसांच्या फोटोत. संत्र्याला फूल आलं, आंबा मोहोरला, हरभरा सोंगायला आला, की हा माणूस दुकानात सापडत नाही. सौंसर, रामाकोना, तिगाव, कुणाच्या ना कुणाच्या वावरात असतो. मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसतो. त्यांना फोटो मिळतो, मला बातमी, आणि दोघांना जेवण.

मोबाइलमुळे फोटोग्राफर संपला असं म्हणणारे मला नेहमी भेटतात. मी त्यांना म्हणतो, काढा मोबाइल. तुमचं सगळं घर एका फोटोत असेल तर दाखवा! सापडत नाही. जो काढतो तो बाहेरच राहतो.

* * *

वसंताभाऊ कधीही "स्माईल प्लीज" म्हणत नाहीत. ते ऐकून आपल्याकडची पोट्टी सुई टोचायला नर्सबाई आल्यासारखा चेहरा करतात, असा त्यांचा अनुभव. ते कॅमेऱ्याला डोळा लावून ओरडतात, "गोटा आला!" पोरं दचकतात, मग हसतात, तेवढ्यात फोटो निघतो.

बाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मधून एकमेकांवर दगड. हीच गोटमार. तिच्याबद्दल मी वर्षानुवर्षं लिहितोय आणि वर्षानुवर्षं शिव्या खातोय, म्हणून इथे तो विषय नको.

तर एकदा सावरगावचं एक कुटुंब आलं. आजोबा खुर्चीत, नातवंडं पायाशी. वसंताभाऊ ओरडले, नातवंडं हसली, फोटो निघाला. पाहतो तर खुर्ची रिकामी! आजोबा खाली वाकून फरशीवर काहीतरी शोधत होते.

वसंताभाऊंनी विचारलं, "काय हरवलं आजोबा?"

आजोबा कमरेत वाकलेलेच. म्हणाले, "हरवलं काई नाही. येवढं मोठं दुकान तुह्यं, अन एक बी गोटा नाही ठेवत काय रे?"

* * *

रामाकोन्याच्या अनसूयामायच्या घरी मात्र "गोटा आला"चाही उपयोग होत नव्हता.

मायच्या मालकाच्या वेळेपासून त्या घरचा एक नेम होता. धुऱ्यावरचा आंबा मोहोरला की सगळं घर त्याच्याखाली उभं राहायचं आणि वसंताभाऊ फोटो काढायचे. मालक गेले. देविदास आणि गुणवंत या दोन भावांनी वावर वाटून घेतलं, आणि दोन वावरांमधल्या बांधावर, म्हणजे धुऱ्यावर, तो आंबा राहिला. आता झाड कोणाचं? यावरून बोलणं बंद झालं. सावलीने पीक मरतं म्हणून दोघांनी आपापल्या बाजूच्या फांद्या तोडल्या. झाड मिटलेल्या छत्रीसारखं दिसू लागलं.

हेच दोघे तरुणपणी पांढुर्ण्याला मामाकडे येऊन गोटमारीत बरोबरीने उतरायचे. देविदासच्या भुवईवर खूण अजून आहे.

मायने वसंताभाऊंना एवढंच सांगितलं, की आंबा मोहोरला की दोन्ही पोरं एका फोटोत पाहिजेत. वसंताभाऊ म्हणाले, नाहीच जमलं तर दोन फोटो करू. त्यावर माय म्हणाली, "अलग अलग नको आणू. भिंत एकच हाय माह्यी."

पहिल्या वर्षी आम्ही गेलो. माय खोडापाशी, एक भाऊ या वावरात, दुसरा त्या वावरात. वसंताभाऊंनी जवळ यायला सांगितलं. दुसरा सरकतो का हे पाहत दोघेही जागेवरच. शेवटी वसंताभाऊच मागे मागे जात विहिरीच्या कठड्याला टेकले आणि तिथून फोटो काढला. मायने तो निरखून पाहिला. डाव्या कडेला गुणवंत अर्धा, उजव्या कडेला देविदास अर्धा.

"दोघं मिळून एक पोरगा भरला वसंता," माय म्हणाली. "बाकीचा कुठी गेला?"

माझं डोकं फिरलं. मी धुऱ्यावर उभं राहून दोघांनाही झाडलं. देविदास माझ्याकडे पाहत म्हणाला, "पेपरवाले भाऊ, त्याले सांगा, पहिली फांदी कोनं तोडली." गुणवंतही माझ्याकडेच पाहत म्हणाला, "त्याले सांगा, कुऱ्हाड कोणाची होती." दोघांमध्ये जेमतेम वीस पावलांचं अंतर, आणि त्यांच्यामधली मी वृत्तसंस्था!

* * *

नागपूरचं एक जोडपं बाळाचा फोटो काढायला आलं होतं. त्यांनी मोबाइलवर कुठल्यातरी थंड देशातलं चित्र दाखवलं. झाडाखाली बाळ, आणि वरून पाकळ्यांचा पाऊस. आपल्याकडेही असंच पाहिजे म्हणे. वसंताभाऊंनी तिगावजवळच्या संत्र्याच्या बागेत सतरंजी टाकून बाळाला बसवलं. बाग फुलांनी पांढरी झालेली, पण पाकळ्या काही पडेनात. तेव्हा बाळाच्या बापाने फांदी धरून गदागदा हलवली.

बागेचे मालक मोटारपंपापाशी उभे होते. ते ओरडले नाहीत. सावकाश चालत आले आणि त्यांनी बाळाचं वय विचारलं. बाप कौतुकाने म्हणाला, आठ महिन्यांचं.

"आमचे हे फुलं परवाचे हायेत," मालक फांदीकडे पाहत म्हणाले. "हालवता का अजून?"

बापाने फांदी सोडली. मालकांनीच मग आपल्या आपण गळून पडलेल्या पाकळ्या टोपल्यात गोळा केल्या, शिडीवर चढले आणि वरून सोडल्या. पाकळ्यांबरोबर टोपल्यातले मुंगळेही आले, आणि ते नेमके बापाच्या शर्टात गेले. तो फोटो अजून स्टुडिओच्या काचेत आहे. बाळ शांत बसलंय. बाप मात्र गदागदा हललाय!

* * *

एका वर्षी ऐन फुलात गारा पडल्या. भोपाळहून हुकूम आला, रडणारा शेतकरी पाठवा. जसा काही तो दुकानात टांगलेला असतो.

आम्ही रामाकोन्याला गुणवंतकडे गेलो. झाडाखाली फुलांचा आणि पानांचा चिखल झालेला. धुऱ्यापलीकडे देविदासच्या बागेतही तेच. गारांना वाटणी माहीत नव्हती. गुणवंत सकाळपासून बागेत एकटाच फिरत होता, असं त्याची बायको म्हणाली. पण आम्हाला पाहिल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "जेवले का?" आणि आम्ही नाही म्हणायच्या आत बेसनाच्या पाटोडीचा रस्सा आणि भाकरी समोर आली. वसंताभाऊंनी कॅमेरा काढला तेव्हा गुणवंत माझ्या ताटात रस्सा वाढत होता. त्यांनी तोच फोटो काढला. दुसरा काढायला ते तयार होईनात. म्हणाले, घरच्या माणसाला कोणी रडवून फोटो काढतं का?

मी तोच पाठवला. लगेच फोन आला. "ये तो खाना परोस रहा है! रोता हुआ चाहिए."

मी म्हटलं, "रोता हुआ चाहिए तो मेरा छाप दीजिए. आपके यहाँ नौकरी करता हूँ."

* * *

आमच्याकडे होळीला पोरांच्या गळ्यात साखरेची गाठी घालतात. त्या होळीला अनसूयामाय दोन्ही घरची नातवंडं घेऊन बसने पांढुर्ण्याला आली. देविदासचा सोनू आणि गुणवंतची परी. बापांचा नाही तर नाही, पोरांचा तरी एकत्र फोटो निघू दे, असं तिचं म्हणणं.

वसंताभाऊ दिवे लावेपर्यंत सोनूने आपल्या गाठीतल्या दोन चकत्या संपवल्या. पहिला फोटो निघाला. दुसऱ्यापर्यंत गाठी अर्धी. तिसऱ्यात सोनूच्या गळ्यात नुसता दोरा होता, आणि परीने आपली गाठी उचलून त्याच्या तोंडासमोर धरली होती. माय वैतागली. भरली गाठी तिला दोघांच्या गळ्यात पाहिजे होती.

वसंताभाऊंनी तिन्ही फोटो छापले आणि टेबलावर उलट्या क्रमाने मांडले. आधी दोरा, मग अर्धी गाठी, मग जवळजवळ भरली. "पाय माय, पोरगं जसजसं बसून राहिलं, तसतशी गाठी वाढून राहिली."

माय हसली. मग त्या तीन फोटोंकडे पाहत राहिली.

"वसंता," ती म्हणाली, "माह्या घरचे बी असे उलटे लावता येते काय रे?"

सोनू दोऱ्याला चिकटलेली साखर चाटत होता.

* * *

त्या प्रश्नाने वसंताभाऊंची झोप उडाली. पुढच्या मोहोरात त्यांनी कॉम्प्युटरचा आधार घेतला. सकाळी देविदासला झाडाखाली उभं केलं, संध्याकाळी गुणवंतला. मध्ये मायला बसवलं, सगळं जोडलं आणि मोठी फ्रेम केली. भाऊ खांद्याला खांदा लावून उभे! मी स्वतः पाहिला, जोड सापडेना. आम्ही मोठ्या ऐटीत रामाकोन्याला गेलो.

मायने पदराने काच पुसली. फ्रेम हातभर लांब धरली. चांगला आलाय म्हणाली. मग तिचं बोट फोटोतल्या पायांपाशी गेलं.

"याची सावली तिकडं चालली, त्याची इकडं. माह्या वावरात दोन सूर्य कवा उगवले रे?"

फ्रेम परत आमच्या हातात आली. वर तिने सांगितलं, की पुढच्या बारीनं फोटो भर दुपारी काढायचा. वसंताभाऊ कळवळले. दुपारचा उजेड सगळ्यात वाईट, डोळ्यांखाली खड्डे दिसतात, नाकं चमकतात, हे त्यांनी परोपरीने समजावलं. मायने ऐकून घेतलं.

"दुपारचाच काढ. अन जेवाले या. वावरात रोडगे करते."

* * *

यंदा आंबा चांगला मोहोरला. आम्ही पोचलो तेव्हा सुना गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत होत्या. कणकेचे ते जाड गोळे, वर तूप, बरोबर वांग्याची भाजी आणि वरण. मायच्या रोडग्यांना नाही म्हणण्याइतकं भांडण अजून तिथे कोणाचं झालेलं नाही, त्यामुळे दोघे भाऊ आले होते. आपापल्या वावरात बसले होते.

सकाळची सावली देविदासच्या बाजूला पडत होती. तो तिच्यात आरामात मांडी घालून बसला. गुणवंत पलीकडे उन्हात, डोक्यावर दुपट्टा घेऊन. मध्ये धुऱ्यावर खोडाला टेकून माय, समोर भांडी. सोनू आणि परी तिच्या पुढ्यात बसून एकमेकांच्या ताटातलं उचलत होते.

माय वाढायला भलताच वेळ लावत होती. एक रोडगा या बाजूला, एक त्या बाजूला, मग दम धरा, पुढचा भाजून राहिला. मला भूक लागली होती, मी चिडलो होतो. वसंताभाऊ वर सूर्याकडे पाहून मान हलवत होते.

सावली सरकली. देविदास ताट उचलून वीतभर तिच्यामागे सरकला. पुन्हा सरकली, पुन्हा तो सरकला. गुणवंतचा सदरा पाठीला चिकटला होता. सावलीचा काठ धुरा ओलांडून त्याच्या बाजूला आला, तसा तोही ताट घेऊन आत आला. फांद्या तोडलेल्या त्या झाडाची भर दुपारची सावली ती केवढी? एका बाजेएवढी. थोड्या वेळाने दोघांचे गुडघे मायच्या दोन बाजूंना होते, आणि नजरा आपापल्या ताटात. देविदाससमोर परी होती, गुणवंतसमोर सोनू. पोरांनी जागा कधी बदलल्या कोणास ठाऊक.

देविदास कोणाकडेही न पाहता म्हणाला, "वांग्यात मीठ कमी हाय."

गुणवंतने माझ्याकडे पाहिलं. "त्याले सांगा..." एवढं बोलून थांबला. मिठाची वाटी त्याच्याच पायाशी होती. त्याने ती सरकवली.

"वसंता," माय म्हणाली, "काढ."

वसंताभाऊ गुडघ्यावर बसले. कॅमेऱ्याला डोळा लावला. त्यांनी तोंड उघडायच्या आधी सोनूच जीव खाऊन ओरडला, "गोटा आला!"

फोटो निघाला. आम्ही तो मागच्या छोट्या पडद्यावर पाहिला. दोन रुंद पाठी, पुढ्यातल्या पोरांवर वाकलेल्या. देविदासच्या पाठीखालून परीच्या दोन वेण्या बाहेर आलेल्या. गुणवंतच्या पाठीखालून सोनूचा एक हात, हातात रोडगा. मध्ये माय, ताठ बसलेली, हातात पळी, सरळ कॅमेऱ्याकडे पाहत.

वसंताभाऊ हळहळले. म्हणाले, "माय, एकाचं बी तोंड नाही आलं. थांब, अजून एक काढतो."

"राहू दे," माय म्हणाली. "पाठी वळखते मी माह्या पोरायच्या."