मारुतीआप्पांचं वाकडं हँडल

आमच्या शाळेच्या आवारात मोबाईलला रेंज एकाच जागी मिळते, कंपाउंडच्या कोपऱ्यातल्या फणसाखाली. कणकुंबीच्या अलीकडचं गाव, चारी बाजूंनी जंगल, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नाही. मुलं दुपारी बिसियूटाला, म्हणजे शाळेतल्या मोफत जेवणाला, बसली की मी तिथं जाऊन उभा राहतो आणि सकाळपासून अडकलेले मेसेज खिशात टपाटप पडायला लागतात. त्या दिवशी उभा राहिलो तर नऊ मिस्ड कॉल, सगळे सुनीताचे. सुनीता म्हणजे मारुतीआप्पांची मुलगी, उद्यमबागेतल्या त्यांच्या शेडमध्ये त्यांच्या बरोबरीनं काम करणारी. फोन लावला. "गुरुजी, आप्पा गेले," ती म्हणाली. मग म्हणाली, "सकाळी पाईप तापवत हुते. जरा बसतो म्हणाले, आन् बसले ते..." अशा वेळी माणूस विचारतो, अचानक कसं काय, काय झालं होतं? मी विचारलं नाही. मला माहीत होतं. आठ महिने माहीत होतं आणि मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्या गोष्टीला आता महिना होत आला. शहरातल्या एका मित्रानं सुचवलं, आप्पांवर काहीतरी लिही, असली माणसं कागदावर राहत नाहीत. पण आप्पांच्या बायकोला, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो, माझ्याजवळची ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला एक ओळही लिहिता येईना. मातीच्या दिवशी त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी आपला चपला कुठं ठेवल्या ते शोधत होतो.

आप्पा मोटरसायकलची हँडलं बनवायचे. उद्यमबागेत मोठमोठे कारखाने आहेत, तिथं ओतलेले आणि घासलेले सुटे भाग कुठल्या कुठं जातात. त्यांच्या मागच्या बोळात शेवटची पत्र्याची शेड आप्पांची. पाटी नाही. तरी मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत कुणालाही विचारा, हँडलवाले आप्पा म्हटलं की बोट त्याच दिशेला जायचं. मूळ खानापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातले. भाताची रोपलावण आली की आठवडाभर शेड बंद, गिऱ्हाईक कितीही मोठं असो. तरुण पोरं उंच शिंगांसारखी हँडलं मागायला येत, त्यांनाही ते बनवून देत, पण तोंड कडू करून. त्यांचा जीव होता तो अडलेल्या माणसांत. एक खांदा न उचलणारा दूधवाला, बोटं गेलेला गवंडी, पाठीचा मणका सरकलेला टपालवाला. कंपनी गाडी बनवते ती धडधाकट माणसासाठी, मग बाकीच्यांनी काय बैलगाडीतनं हिंडायचं, हा त्यांचा सवाल.

मी त्यांच्याकडे गेलो तो असाच अडलेला. टिळकवाडीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या ओल्या जिन्यावरून पडलो आणि उजव्या कोपराचे तीन तुकडे झाले. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण कोपर काही पूर्ण सरळ होईना. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच. मोटरसायकलच्या उजव्या मुठीपर्यंत हात नीट पोचेना. शाळा घरापासून चाळीसेक किलोमीटर, सकाळची बस एक तर फार लवकर, नाही तर फार उशिरा, आणि जांबोटीच्या पुढं पावसाळ्यात जे रस्त्याचं होतं ते स्कूटरच्या लहान चाकांना झेपणारं नव्हे. सगळे म्हणाले, बदली मागा. घरात बायको म्हणाली, हेडमास्तर म्हणाले, ज्याला त्याला माझ्या बदलीची घाई. मला ती शाळा सोडायची नव्हती. तिथली मुलं मला आवडतात, आणि सकाळी त्या जंगलातून एकट्यानं गाडीवरून जाणं मला त्याहून आवडतं. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे कुणाला सांगायचीही लाज वाटते.

आप्पांची मापं घ्यायची पद्धत वेगळीच. गाडीला ते टेपच लावत नसत. एका लाकडी स्टुलावर बसवत आणि सांगत, "डोळं मिटा. गाडी चालू हाय, रस्ता मोकळा हाय. आता हात फुडं करा, जातील तितं जाऊ द्यात." हात हवेत जिथं थांबतील तिथं सुनीता दोन पट्ट्या धरायची आणि त्यावरून आधी जाड तारेचा नमुना वाकवला जायचा. माझ्या वेळी शेडमध्ये तीन-चार तरुण उभे होते. त्यांच्यातला एक तर माझाच जुना विद्यार्थी. मी डोळे मिटले, हात पुढं केले आणि सगळ्यांसमोर मास्तरांचा एक हात आखूड दिसू नये म्हणून दात दाबून उजवा कोपर जेवढा रेटता येईल तेवढा रेटला. कळ मस्तकात गेली. चेहरा मात्र हसरा ठेवला. आप्पांनी एकदा विचारलं, "दुखत न्हाय न्हवं?" मी म्हणालो, छे छे. त्याच मापानं हँडल झालं, जवळजवळ सरळच.

तिसऱ्या दिवशी जांबोटीच्या पुढं एका डाव्या वळणावर मी चरात गेलो. गाडी डावीकडं वळली की उजवी मूठ पुढं जाते, आणि माझा हात तिच्या मागं जाईना. मूठ सुटली, गाडी गेली, मी तांबड्या चिखलात. लागलं फारसं नाही, पण एका म्हशीनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती अजून आठवते. संध्याकाळी तसाच माखलेला आप्पांकडे गेलो आणि म्हणालो, तुमचं हँडल चुकलं. त्यांनी मला पुन्हा स्टुलावर बसवलं, पाठीमागून येऊन नुसता कोपर चिमटीत धरला, आणि हात मुकाट्यानं मागं आला. आप्पा कधी कुणावर ओरडत नसत. त्या दिवशी ओरडले. "हँडल न्हाय रं चुकलं, तू चुकलास! लोकास्नी दावायला आलतास व्हय हात? पाईपाला मी वाकवीन, पर खोट्या मापाला काय करू?" तोवर ते मला 'अहो गुरुजी' म्हणत होते. रागात 'तू' झालो तो कायमचा, आणि आमची मैत्री त्या 'तू'पासून धरायला हरकत नाही.

मग दुसरं हँडल झालं. तो दिवसभर मी शेडमध्येच बसून होतो. सात सुताचा, म्हणजे इंचाला जरा कमी जाडीचा पाईप, त्यात वाळू ठासून भरायची, दोन्ही टोकांना लाकडी गुट्ट्या मारायच्या आणि तापवून लाल झाला की साच्यावर ओढायचा. वाळू नसेल तर पाईप वाकताना चेपतो. वाळू ओली असेल तर आत वाफ कोंडून गुट्टी गोळीसारखी सुटते. म्हणून आप्पा वाळू आणत चुरमुऱ्याच्या भट्टीतली. भाजून भाजून कोरडी झालेली, मैद्यासारखी बारीक. काम झाल्यावर पाईप उलटा करून ठोकला की वाळूबरोबर कधी कधी एखादा चुरमुराही बाहेर यायचा, आणि आप्पा म्हणायचे, घे, प्रसाद. पाईप ओढताना त्यांच्या मानेच्या शिरा फुगायच्या, पण हात एका लयीत जायचा, धक्का नाही. मी मास्तर माणूस, म्हणालो, मोडेन पण वाकणार नाही अशी आपल्यात म्हण आहे. ते म्हणाले, "असला पाईप माझ्या काय कामाचा?"

नव्या हँडलची उजवी बाजू डावीपेक्षा चांगली अडीच इंच मागं होती. समोरून बघणाऱ्याला वाटावं, गाडी कुठंतरी धडकून आलीय. पोलिसानं अडवलं तर काय सांगू विचारलं तर आप्पा म्हणाले, "सांग की, गाडी सरळ हाय, मास्तर वाकडा हाय." शाळेत सहकाऱ्यांनी 'चालवता येईना, हँडल वाकडं' म्हणून महिनाभर छळलं. पण ते डावं वळण मी पहिल्याच दिवशी असं घेतलं की पुढं जाऊन गाडी थांबवली आणि चक्क रडलो. बदलीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

सहा वर्षं शनिवारची दुपार मी त्या शेडमध्ये काढली. आप्पा फार बोलत नसत. सुनीतानं डिप्लोमा केलाय, ती कॉम्प्युटरवर चित्र काढून दाखवायची आणि आप्पा ते चित्र दूर धरून, जवळ धरून बघत आणि शेवटी म्हणत, "झ्याक हाय. आता त्या माणसाला बोलीव." गेल्या हिवाळ्यात एकदा म्हणाले, तुझी शाळा बघाय पायजे. मी त्यांना मागं बसवून घेऊन गेलो. वाटेत प्रत्येक वळणावर मागून 'व्हय, व्हय' असा हुंकार येत होता, जणू गाडी नव्हे, त्यांचं हँडलच परीक्षा देत होतं. रस्त्यापासून शाळेपर्यंत थोडी चढण आहे. अर्ध्यावर आप्पा एका दगडावर बसले, खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, एक गोळी जिभेखाली ठेवली आणि मला हातानंच थांब म्हणाले.

मग सांगितलं. "गुरुजी, तुझा हात तू मला खरा दावलास, आता माझं बी ऐक. काळजाच्या नळ्या तुंबल्यात. छाती उघडाय पायजे म्हणत्यात." मी म्हणालो, मग करून टाका ना. "करतो की. पर छाती शिवल्यावर सा म्हैनं भरलेली कळशी सुदिक उचलायची न्हाय म्हणं. पाईप कोण वडणार? सुनीताचा हात अजून बसला न्हाय. एवढं वरीस जाऊ दे." आक्कांना माहीत आहे का विचारलं. ते एकदम घाबरल्यासारखे झाले. "तिला कळलं तर मला दुकानाची पायरी चढू देणार न्हाय ती. तू बोलू नगंस. मला वचन दे." मी दिलं.

का दिलं, हे मी या महिन्यात स्वतःला शंभरदा विचारलं. जगातल्या सगळ्यांनी मला गाडी सोड म्हणून सांगितलं तेव्हा हा एकच माणूस तसं म्हणाला नव्हता, मग मी कुठल्या तोंडानं त्यांना काम सोडा म्हणणार होतो? हे एक खरं. दुसरं खरं थोडं लाजिरवाणं आहे. एवढी मोठी गोष्ट त्यांनी मला एकट्याला सांगितली, याचा मला अभिमान वाटला होता. शनिवारी शेडमध्ये गेलो की आम्ही नजरेनं बोलायचो, मी भुवया उंचवायचो, ते मान हलवायचे, बरं हाय. पाईप ओढताना मध्येच थांबू लागले होते. मी ते बघत होतो आणि चहा पीत होतो.

गेल्या रविवारी मजगावातल्या त्यांच्या घरी गेलो. आक्का एकट्याच होत्या, सुनीता शेडवर. पाणी दिलं, चहा दिला. मी शब्द जुळवत होतो तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "गुरुजी, खरं सांगा. तुमाला ठाऊक हुतं?"

कप खाली ठेवला. "हो आक्का, माहीत होतं. आठ महिने." मग सगळं सांगून टाकलं, ती चढण, तो दगड, गोळी, वचन. म्हणालो, मी तेव्हा तुम्हाला सांगितलं असतं तर आज आप्पा कदाचित... त्यांनी मला घालवून दिलं असतं तरी मी मुकाट्यानं गेलो असतो.

आक्कांनी पदराचा काठ चापला आणि म्हणाल्या, "मला दीड वरीस ठाऊक हुतं."

"कसं?" मी विचारलं.

"शर्ट धुवायला घेतला तवा खिशात पाकीट घावलं. मेडिकलवाल्याला दावलं, त्यानं सांगितलं कशाच्या गोळ्या त्या. मग रोज मळक्या शर्टातनं काढायची आन् धुतलेल्या शर्टात घालायची. वाटंत काय झालं, आन् खिसा रिकामा असला म्हंजे?"

"मग आप्पांना कळलंच असेल की तुम्हाला..."

"कळल्याबिगर? पाकीट काय आपल्या पायानं शर्ट बदलतंय व्हय?" त्या जराशा हसल्यासुद्धा. मग हसू गेलं. "ते बोलले न्हायत, मी बी बोलले न्हाय. काम सोडा म्हणायचं तर मीच म्हणाय पायजे हुतं गुरुजी, तुमी न्हवं. रोज वाटायचं, आज म्हणू. सकाळी शिट्टी वाजवत अंगात शर्ट घालताना दिसले की तोंड उघडत नव्हतं."

निघायला उठलो. दाराआडच्या खुंटीवर आप्पांचा आकाशी शर्ट होता, धुतलेला, इस्त्रीचा. माझी नजर तिकडं गेलेली आक्कांनी बघितली. "परवा धुतला," त्या म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या. मी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. आत पाकीट होतं.