फोटोत न आलेली माणसं

आमच्या घाटंजीत आता ज्याच्या-त्याच्या खिशात कॅमेरा आहे. त्यामुळे माझ्या फोटो स्टुडिओत गिऱ्हाईक कमी आणि किस्से जास्त! बायको होती तोवर जेवताना तिला सांगून मोकळा व्हायचो. आता नुसते साठत जातात. तेव्हा ऐका तुम्हीच.

*

एक आजोबा पासपोर्ट साइज फोटो काढायला आले. प्रिंट हातात दिली, तर भडकलेच!

"भाऊ, हा दुसऱ्याच म्हाताऱ्याचा फोटो देऊन राह्यले तुम्ही!"

मी त्यांना आरशासमोर उभं केलं. गालावरून हात फिरवत राहिले.

"एवढा म्हातारा झालो मी? कोनी सांगतलंबी नाही!"

"घरी कोण असतं?"

"कोनी नाही ना. म्हनून तं."

*

एक ताई स्वतःच्या लग्नाचा फोटो घेऊन आली. नवऱ्यानं दुसरीकडे संसार थाटलेला.

"याले काढून टाका. मी एकटीच पाह्यजे."

कॉम्प्युटरवर नवरा उडवला. पण त्याचा हात तिच्या खांद्यावर होता, तो काही निघेना. म्हटलं, "उद्या या, हातही काढून ठेवतो."

तिनं स्क्रीनवरच्या त्या हातावर बोट ठेवलं. म्हणाली, "हात राहू द्या. तो काही वाईट नव्हता."

*

कॉलेजातली एक मुलगी. बाप पुण्यात वॉचमन, भाऊ सुरतेला, आई मारेगावकडे कापूस वेचायला गेलेली. मोबाईलमध्ये सगळ्यांचे वेगवेगळे सेल्फी.

"काका, सगळ्यायले एका जागी बसवा ना!"

बसवलं, चांगलं लाल सोफ्यावर! दिवाळीत बाप सुट्टीवर आला आणि फ्रेम घेऊन थेट दुकानात. मला वाटलं, खूश झाला असेल.

"सोफा आपला नाही, हे समजलं," तो म्हणाला. "पन आमी सगळे बसलो कधी?"

*

आता माझाच ऐका. मुलगा बंगळूरला. फोनवर म्हणाला, "बाबा, तुमचा एक फोटो पाठवा."

जन्म गेला लोकांचे फोटो काढण्यात, माझा कोण काढणार? टायमर लावला आणि पळालो. गुडघे असे, की पोहोचायच्या आत क्लिक! फोटोत नुसतं स्टूल. घाईत तोच पाठवला गेला.

लगेच उत्तर आलं, "मस्त दिसताय बाबा!"

हसलो खूप. पण त्या दिवशी दुकानात फार एकटं वाटलं, शटर लवकरच ओढलं.

*

जवळच्या तांड्यावरचा एक शेतकरी जुना फोटो घेऊन आला. कुणाच्या तरी लग्नातला. एक बाई ओढणीचा घुंगटो हनुवटीपर्यंत ओढून उभी, कडेवर तान्हं पोर.

"हे माही आई. पोरगं म्हंजे मी. मी लहान होतो तवाच गेली. दुसरा फोटोच नाही. भाऊ, कॉम्प्युटरवर हा घुंगटो वर करा ना!"

"दादा, फोटोत जे आलंच नाही, ते कॉम्प्युटर कुठून आणणार? तिला पाहिलेलं कुणी आहे का?"

"सारे गेले."

माझ्याकडे नवीन अ‍ॅप आहे. म्हटलं, तुमच्या चेहऱ्यावरून आई तयार करून बघू. केली. स्क्रीनवर गोरी, हसरी बाई आली. तो कितीतरी वेळ पाहत राहिला.

"बाई चांगली हाय. पन हे कोन व्हय?"

मी अ‍ॅप बंद केलं.

"राहू द्या. घुंगट्याचाच मोठा करून द्या. भिंतीवर लावतो."

"चेहरा दिसत नाही, त्याचं वाईट वाटेल हो रोज."

"मी नाही पाह्यलं तिले," तो म्हणाला. "पन तिनं तं मले पाह्यलं असन ना?"