कापसाच्या स्वभावाचा रकाना

कापसाशी बोलणारा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात एकच होता, आणि कापूस त्यांना उत्तर देतो याबद्दल निदान आमच्या हिंगणघाटच्या जिनिंगच्या कारखान्यात तरी कुणाला शंका नव्हती. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणायचो. ते आमचे पारखी, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे. सरकी काढलेली चिमूटभर रुई उचलायची, डोळे मिटायचे, दोन अंगठ्यांत धरून ती हळूच ओढायची आणि तुटतानाचा आवाज कानाशी नेऊन ऐकायचा. मग निकाल. "हा दवात वेचला." "हा चांगल्या घरचा हाये, पण गाडीत दबून आला म्हणून रागावला." हंगामात ते बोटांना तेलातुपाचा स्पर्श होऊ देत नसत, बोटं बहिरी होतात म्हणे. माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी वरणभातच काय, पुरणपोळीसुद्धा दोन चमच्यांनी खाल्ली, तेव्हा माझ्या सासुरवाडीला वाटलं, जावयाचे साहेब थेट विलायतेहून आलेत. त्या गैरसमजाचा मला पुढे बराच फायदा झाला, म्हणून मी तो कधी दूर केला नाही.

अशा माणसाच्या आयुष्यात ऐंशी सालानंतर कधीतरी टेलेक्स, म्हणजे तारेवरून टाइप केलेला मजकूर धाडणारं यंत्र, आला. आमच्या दाबून बांधलेल्या रुईच्या गठाणी घेणाऱ्या मुंबईच्या गिरणीनं कळवलं, यापुढे पत्रं बंद. ट्रक निघाला की ठरलेल्या नमुन्यात टेलेक्स पाठवायचा: ट्रकचा नंबर, गठाणी किती, वजन किती, आणि कापसाची प्रत एक ते नऊमधल्या एकाच आकड्यात. तो मजकूर तिकडे जसाच्या तसा कम्प्युटरला भरवणार. एक अक्षर जास्त झालं तरी कम्प्युटर तो परत पाठवणार, आणि तीनदा परत आला की आमचा ठेका दुसऱ्या जिनिंगला. ठेका गेला म्हणजे आमचा सगळ्यांचा हंगाम गेला. जिनिंगचे मालक शेटजी, त्यांनी टेलेक्सला हार घातला, नारळ फोडला आणि मला त्याच्यापुढे बसवलं.

पहिला ट्रक भरला. मी विचारलं, "काकाजी, प्रत?"

"पाच. पण स्वभाव सातचा. लिही."

"स्वभावाले रकाना नाई, काकाजी."

"काऊन नाई? ट्रकच्या नंबरले रकाना हाये, अन् कापसाच्या स्वभावाले नाई?"

वडिलकीपुढे माझं काय चालणार? मी लिहिलं. अर्ध्या तासात टेलेक्स परत आला. दुसऱ्या ट्रकच्या वेळी मी नुसता आकडा घेतला, मजकूर टाइप करून ठेवला आणि चहा प्यायला गेलो, तेवढ्यात घात झाला. टेलेक्सचा मजकूर आधी एका कागदी फितीवर भोकांनी उमटायचा आणि ती फीत यंत्रातून सरकली की निरोप मुंबईला जायचा. काकाजींनी त्या फितीला डिंक लावून चिमूटभर रुई चिकटवली आणि स्वतःच्या हातानं ती यंत्रात सरकवली. "तू त लिहू देत नाई. मंग त्याईलेच हात लावून पाहू दे," ते शांतपणे म्हणाले. "अक्षर जाते, त रुई काऊन नाई जाणार?" रुई यंत्राच्या दातांत अडकली आणि आमच्या ट्रकमध्ये गठाणींऐवजी सव्वाशे स्वल्पविराम भरल्याचं मुंबईला समजलं. हाही परत.

शेटजी काकाजींवर कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी ते फक्त हात जोडून म्हणाले, "काकाजी, अब एक बार और वापस आया, तो फाटकाले कुलूपच लावतो मी."

तिसऱ्या ट्रकला सगळे मजूर टेलेक्सच्या खोलीच्या दाराशी जमले. काकाजींनी रुई ओढून कानाशी नेली.

"सहा," ते म्हणाले.

"फक्त सहा?"

"फक्त."

ओठ त्यांनी असे मिटले होते की तोंडात पाण्याचा घोट धरलाय असं वाटावं. मी पाठवलं. उत्तर आलं: मिळाले, बरोबर. बाहेर आरडाओरडा झाला, शेटजींनी पेढे मागवले. काकाजी मात्र माझ्याजवळ आले.

"काय म्हणते?"

"बरोबर म्हणते."

"अन् अजून?"

"बस, एवढंच."

जन्मभराची विद्या एका आकड्यात कोंबून पाठवावी आणि तिकडून कुणी साधं 'मग?' म्हणूनही विचारू नये! मला फार वाईट वाटलं. मी खुर्ची पुढे सरकवली. "काकाजी, मले सांगा नं, कसा होता तो?"

ते बसले आणि पाऊण तास बोलले. कापूस कारंज्याकडचा, हलक्या जमिनीतला, उशिरा फुटलेला, थोडा लाजरा, पण एकदा सुतात उतरला की शब्दाला जागणारा. त्या दिवसापासून तोच नेम झाला. आकडा मुंबईला जायचा आणि कापूस माझ्याकडे यायचा. पहिले दोन हंगाम मला काही म्हणता काही कळलं नाही. पण मी ऐकत गेलो.

काकाजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. टेलेक्सही गेला, त्याच्या जागी कम्प्युटर आला आणि पारखीचं काम माझ्याकडे आलं. हल्ली आकडा पाठवला की 'बरोबर' असं उत्तर क्षणात येतं. मग त्या ट्रकमधला कापूस कसा होता, हे कुणाला तरी सांगावं म्हणून मी आजूबाजूला पाहतो. सगळे कामात असतात. अशा वेळी काकाजींची फार आठवण येते.